अजिंठ्याची भिंत वाचायची कशी?

कॉलेजच्या सहलीत मी पहिल्यांदा अजिंठ्याला गेले तेव्हा आम्ही दोन तासांत सगळी लेणी ‘केली’. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात वाटाड्याने गाभाऱ्यातल्या बुद्धाच्या चेहऱ्यावर डावीकडून, उजवीकडून, खालून बॅटरी मारून दाखवली. आम्ही ‘आहा’ म्हटलं, पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापाशी गर्दी केली आणि बाहेर पडलो. निघता निघता डावीकडच्या लांब भिंतीकडे माझं लक्ष गेलं. माणसांची नुसती दाटी. राजा, राणी, नाचणारी बाई, हत्ती, घोडा, एक साधू, हरणं. “ही गोष्ट कुठून सुरू होते?” मी विचारलं. “डावीकडून,” एवढं बोलून वाटाडा पुढे गेला. मी डावीकडून सुरुवात केली आणि लगेचच वाट चुकले. बसलेला राजा, हत्तीवरचा राजा, पुन्हा बसलेला राजा, घोड्यावरून निघालेला राजा. एवढे राजे एकाच दिवशी इथे कशाला जमलेत, हा प्रश्न तसाच घेऊन मी बसमध्ये चढले.

राजा एकच होता. हे कळायला मला आणखी दोन खेपा आणि बरंच वाचन लागलं. तुमच्या त्या दोन खेपा वाचाव्यात म्हणून हा लेख.

गोंधळ नेमका कुठे होतो

आपल्या डोळ्यांना चौकटींची सवय आहे. चित्रकथेच्या पुस्तकात एक चौकट संपली की पुढची, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. अजिंठ्याच्या भिंतीवर चौकटी नाहीत, आणि गोष्ट काळाच्या क्रमाने पुढे सरकेल याचीही खात्री नाही. तिथल्या चित्रकारांनी पुष्कळदा प्रसंगांची मांडणी जागेप्रमाणे केली आहे. राजवाड्यात जे जे घडलं ते राजवाड्यापाशी, रानात जे घडलं ते रानापाशी, मग त्यांच्यात दोन दिवसांचं अंतर असो की वीस वर्षांचं.

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण जुन्या घरातली आजी अशीच गोष्ट सांगते. ती तुम्हाला वाडा दाखवायला निघते. ओसरीवर आली की ओसरीवरचं सगळं: इथे तुझ्या पणजोबांचा पंक्तिभेदावरून तंटा झाला, इथेच तुझ्या बाबांचं बारसं झालं. मग माजघर, मग विहीर. सनावळी तिच्या डोक्यात पक्की असते, पण तोंडून येते ती जागेच्या ओघाने. अजिंठ्याची भिंत या आजीसारखी ऐकायची. एक अट मात्र आहे. पणजोबा कोण, बाबा कोण, हे तुम्हाला आधीच ठाऊक हवं. भिंत गोष्टीची आठवण करून देते, पहिल्यापासून गोष्ट सांगत नाही.

घरचा अभ्यास: पाच गोष्टी पुरेत

भिंतींवरच्या बहुतेक गोष्टी जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा. पाली जातकसंग्रहात अशा 547 कथा आहेत. त्या सगळ्या वाचून जायची गरज नाही. दुर्गाबाई भागवतांनी जातकांचं मराठी भाषांतर केलेलं आहे, ते हाताशी असेल तर उत्तमच. पहिल्या खेपेला मी या पाच कथा सुचवेन.

महाजनक. लेणे 1. मिथिलेच्या राजाला त्याचा भाऊ मारतो, गरोदर राणी चंपानगरीला पळून जाते. तिचा मुलगा मोठा होऊन व्यापारासाठी सुवर्णभूमीकडे निघतो, जहाज फुटतं, तो सात दिवस समुद्रात पोहत राहतो, शेवटी मणिमेखला देवी त्याला उचलून मिथिलेला आणते. राज्य मिळतं, शिवली राणी मिळते. पुढे एकदा बागेत तो दोन आंब्याची झाडं बघतो. फळांनी लगडलेलं झाड लोकांनी ओरबाडून मोडलंय, वांझ झाड तसंच हिरवंगार उभं आहे. राजा समजायचं ते समजतो. शिवली त्याला अडवायची शिकस्त करते, पण तो जातो.

विश्वंतर. लेणे 17. दान द्यायचं व्यसन लागावं तसा हा राजपुत्र. पाऊस आणणारा पांढरा हत्तीसुद्धा कलिंगच्या ब्राह्मणांना देऊन टाकतो, म्हणून प्रजा त्याला देशोधडीला लावते. बायको माद्री आणि दोन मुलं घेऊन तो निघतो. वाटेत घोडे जातात, रथ जातो. रानात जूजक नावाचा म्हातारा ब्राह्मण येऊन मुलंच मागतो, तीही दिली जातात. मग इंद्र वेश पालटून बायको मागतो. शेवटी आजोबा नातवंडांना पैसे मोजून सोडवतात आणि घर पुन्हा एक होतं. आईच्या नजरेने वाचली तर ही गोष्ट सहन होत नाही. मला अजूनही होत नाही.

सिंहल. लेणे 17. ही जातककथा नव्हे, अवदान, म्हणजे थोर कृत्यांची बौद्ध कथा. आणि मसाला सर्वांत जास्त हिच्यात. सिंहल नावाचा व्यापारी पाचशे साथीदारांसह एका बेटावर अडकतो. तिथल्या सुंदर बायका म्हणजे राक्षसिणी. बलाह नावाचा दैवी घोडा त्याला पाठीवर घेऊन उडतो. एक राक्षसीण त्याच्या मागोमाग त्याच्या गावी येते, तिथल्या राजाला भुलवते आणि राजवाडा फस्त करते. मग सिंहल राजा होतो आणि सैन्य घेऊन बेटावर चालून जातो.

नंदाची दीक्षा. लेणे 16. बुद्धाचा सावत्रभाऊ नंद, त्याची देखणी बायको सुंदरी, आणि मन नसताना झालेला संन्यास.

षड्दंत. लेणे 10 आणि 17, दोन्हीकडे. सहा सुळ्यांचा गजराज आणि त्याच्या दोन पत्नी. धाकटी मत्सराने मरते, काशीची राणी होऊन जन्मते आणि त्याचे सुळे आणायला शिकारी पाठवते. हत्ती शिकाऱ्याला स्वतःच मदत करतो. सुळे समोर आल्यावर राणीला ते बघवत नाही.

आता खरी मेहनत. प्रत्येक कथेसाठी कागदावर तीन ओळी लिहा: जागा कोणत्या, माणसं कोण, आणि ओळखीची खूण काय. विश्वंतराचं उदाहरण घ्या. जागा: राजवाडा, वेस, बाजार, रान, पुन्हा राजवाडा. माणसं: तो, माद्री, दोन मुलं, जूजक, आजोबा. खूण: हत्ती, रथ, जूजकाचे दात. दातांचं पुढे सांगते. हा कागद बरोबर न्यायचा. लेण्यात मोबाइल उघडून कथा वाचू नका, त्या पडद्याच्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा आंधळे होतात.

कधी जायचं, कुठून सुरू करायचं

अजिंठा सोमवारी बंद असतं (वेरूळ मंगळवारी, हा घोळ दर वर्षी कुणाचा तरी होतो). छत्रपती संभाजीनगरहून साधारण शंभर किलोमीटर, जळगावहून साठच्या आसपास. खासगी गाडी फर्दापूर फाट्यापर्यंतच जाते, तिथून शेवटचे चार किलोमीटर बसने. भिंती वाचायच्या असतील तर आदल्या रात्री फर्दापूरच्या बाजूलाच मुक्काम करा. संभाजीनगरहून सकाळी निघून येणाऱ्यांची गर्दी पोचायच्या आत तुमचा एक तास पदरात पडतो.

आणि तो तास पहिल्या लेण्यात घालवू नका. लेण्यांना क्रमांक दिलेत ते वाघूर नदीच्या नालाकार वळणावर एका टोकाकडून ओळीने. प्रवेश एक नंबरपाशी, त्यामुळे सगळं जग एक नंबरपासून सुरुवात करतं. दार उघडल्या उघडल्या तडक 17 नंबर गाठा. मग 16, मग 10, आणि जेवणाच्या वेळेला गर्दी ओसरली की 2 आणि 1. बाकीची लेणी दुसऱ्या दिवशी, किंवा दुसऱ्या वर्षी. 26 नंबरमधला महापरिनिर्वाणाचा बुद्ध बघायचाच असेल तर जरूर बघा, पण ते शिल्प आहे, त्याची पद्धत निराळी.

बरोबर काय घ्यायचं: वही, पेन्सिल, लहान दुर्बीण. दुर्बिणीला लोक हसतात. पण चित्रं डोक्याच्या बऱ्याच वरपर्यंत जातात आणि पुढे कठडा असतो, त्यामुळे शेवटी तेच लोक ती मागून घेतात. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, तेव्हा नाड्यांचे बूट नकोत. फ्लॅशला बंदी आहे. बॅटरीबद्दल दारावरच्या रखवालदाराला आधी विचारा.

आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं काहीच करू नका

खरंच काही नाही. एखाद्या खांबाशेजारी उभं राहा, भिंतीकडे तोंड करा आणि थांबा. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी फक्त तपकिरी अंधार दिसतो. पाचेक मिनिटांनी अंगाचे उजळ रंग वर येतात, मग मोती, मग हिरवा. दहाव्या मिनिटाला जी भिंत दिसते ती पहिल्या मिनिटाला तिथे नव्हतीच असं वाटतं.

या वेळात भिंत बनली कशी ते बघून घ्या, कारण पुढे ते उपयोगी पडतं. खडक बेसॉल्टचा, मुद्दाम खडबडीत ठेवलेला. त्यावर मातीचा गिलावा, आणि त्या मातीत भाताचा तूस, गवत, झाडपाल्याचे धागे. वर चुन्याचा पातळ हात. रंग सुकलेल्या पृष्ठावर, डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून. ओल्या चुन्यावर रंगवायची युरोपातली रीत ही नव्हे. लाल-पिवळा गेरू, हिरवी माती, चुना, काजळी हे जवळपासचं. निळा मात्र लाजवर्द दगडाचा, आणि तो आला थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानकडून. जिथे पोपडा गेलाय तिथे जवळून बघितलं तर मातीत रुतलेल्या तुसाचे ठसे दिसतात. पाचव्या शतकातलं भात!

आणखी एक. भिंतीवर जी पिवळट चमक आहे ती मूळ चित्रकाराची नाही. एकोणिसाव्या शतकात नकला उतरवणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून वॉर्निश फासलं. पुढे निजाम सरकारने 1920च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारा गिलावा पक्का केला, पण वापरलेली लाख कालांतराने पिवळी-काळी पडली. पुरातत्त्व खात्याने ती पुष्कळ ठिकाणी काढली आहे. तेव्हा अमक्याचं अंग पिवळं म्हणजे तो अमुकच, असा निष्कर्ष घाईने काढू नका. रंगापेक्षा रेषेवर भरवसा ठेवा.

आता वाचन: आधी दगड आणि दारं, मग माणसं

माणसांकडे बघायचा मोह होतो. तो आवरा. आधी भिंतीवरची बिनमाणसाची चित्रं शोधा.

पहिली खूण दगडांची. अजिंठ्याचे चित्रकार डोंगर काढतात तो विटा रचल्यासारखा, एकावर एक चौकोनी ठोकळे पुढे आलेले. असे ठोकळे दिसले की समजा इथे रान किंवा डोंगर सुरू झाला. दुसरी खूण बारीक खांबांची. सडपातळ खांब, वर सपाट छत, आत बैठक: राजवाडा. त्याच्या भिंती चित्रकाराने काढून टाकल्या आहेत, आतलं दिसावं म्हणून. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची खूण दाराची. वेशीचं कमानदार दार आणि त्यातून अर्धा बाहेर आलेला हत्ती किंवा घोडा. हे दार म्हणजे वाक्यातला ‘मग’. त्याच्या एका अंगाला एक प्रसंग, दुसऱ्या अंगाला पुढचा.

एवढं झालं की वहीत भिंतीचा ढोबळ आयत काढा आणि फक्त जागा भरा: इथे वाडा, इथे वेस, इथे रान. चित्रकला येत नसली तरी चालतं. माझ्या वहीतला वाडा पत्त्यांच्या बंगल्यासारखा दिसतो.

मग नायक हुडका. मुकुट, अंगाचा रंग, गळ्यातले दागिने, डोक्यावरचं छत्र यांवरून एकच माणूस किती वेळा येतो ते मोजा आणि प्रत्येक ठिकाणी वहीत टिंब द्या. आकाराचंही भान ठेवा. मोठा काढलेला माणूस मोठ्या मानाचा, जवळ उभा असेलच असं नाही. 17 नंबरच्या अंतराळात, म्हणजे गाभाऱ्यापुढच्या दालनात, बुद्धाची बायको यशोधरा आणि मुलगा राहुल भिक्षा मागायला आलेल्या बुद्धासमोर उभे आहेत. बुद्ध डोंगराएवढा, मायलेकरं त्याच्या गुडघ्याशी. डोळ्यांनी मोजायला गेलं तर चूक, नात्याने मोजलं तर अगदी बरोबर.

शेवटी माना आणि नजरा. गर्दीतली माणसं कुणाकडे वळली आहेत ते बघा. एका प्रसंगातली माणसं आपापसांत बघतात. एकाची पाठ दुसऱ्याच्या पाठीला लागली की बहुधा तिथे प्रसंग तुटतो. चौकटीची रेघ ओढण्याऐवजी चित्रकाराने ती दोन पाठींमधून ओढली आहे. मला स्वतःला हे कळलं तेव्हा सगळी भिंत एकदम सुटी झाली, गुंता झालेल्या लोकरीचं टोक सापडावं तशी.

एवढ्या तयारीनंतर गोष्टीचा कणा शोधा, म्हणजे असा प्रसंग जो दुसऱ्या कुठल्याही कथेत असू शकत नाही. सिंहलाच्या भिंतीवर तो पांढरा घोडा. षड्दंतात सुळे. महाकपी जातकात नदीवर आडवं होऊन आपल्या पाठीचा पूल करणारा वानर. तो सापडला की तिथून मागे आणि पुढे चाला.

एक भिंत, हात धरून: महाजनक

आता त्या माझ्या डावीकडच्या भिंतीकडे परत जाऊ.

आयतात जागा भरल्या की वाडा दोनदा, वेस दोनदा, दगडांचा आश्रम एकदा असं हाती लागतं. मुकुटवाल्याची टिंबं दिली की तो वाड्यात, हत्तीवर, आश्रमात, पुन्हा वाड्यात आणि घोड्यावर.

वाड्यातल्या प्रसंगात राणी त्याला बिलगून बसली आहे. शेजारी नाच चालू आहे. नाचणारी कमरेत वळलेली, हात वेलांटीसारखे, अंगावर घट्ट लांब बाह्यांचा झगा, डोक्यावर दागिन्यांचा भार. तिच्या भोवती बायका वाद्यं वाजवतायत, त्यांत दोघींच्या तोंडाला बासरी. बहुतेक लोक इथे ‘नर्तकी’ म्हणून फोटो काढतात आणि पुढे जातात. पण ही बाई इथे मनोरंजनाला आलेली नाही. ती शिवलीचं हत्यार आहे. राणीला नवरा हातचा जाताना दिसतोय आणि ती त्याला सुरांनी, अंगाने, नखऱ्याने धरून ठेवू बघतेय. आता राजाचा चेहरा बघा. नाचाकडे त्याचं लक्ष आहे का? तुम्हीच ठरवा, मी माझं मत सांगून टाकत नाही.

मग वेस, आणि वेशीतून निघालेला हत्ती. राजा उपदेश ऐकायला निघाला आहे. पुढे ठोकळ्या-ठोकळ्यांचे दगड, म्हणजे रान. तिथे साधू बसलेला, समोर राजा हात जोडून. आणि साधूच्या पायाशी दोन हरणं तोंड वर करून ऐकतायत. त्या हरणांपाशी मी एकदा पंचवीस मिनिटं उभी होते. कान ताठ, नाक किंचित वर, जणू शब्दाला वास असतो.

परत वाडा. हा तोच वाडा नव्हे, म्हणजे जागा तीच पण दिवस दुसरा. राजा राणीला निर्णय सांगतो. आसपासच्या बायकांच्या माना बघा: पहिल्या वाड्यात त्या नाचाकडे वळल्या होत्या, इथे एकमेकींकडे. बातमी फुटली आहे. मग दुसरी वेस आणि घोड्यावरचा राजा, भोवती लवाजमा आणि वाद्यं. मिरवणूक वाटावी असा थाट, पण गोष्ट ठाऊक असेल तर कळतं की हा माणूस सगळं टाकून चालला आहे.

जहाज फुटण्याचा प्रसंगही याच भिंतीवर आहे. काळाने तो सगळ्यांच्या आधीचा, पण भिंतीच्या सुरुवातीला शोधत बसाल तर फसाल. समुद्राची जागा वेगळी, म्हणून तो वेगळा. शोधणं तुमच्यावर सोपवते.

या एका भिंतीला मला पाऊण तास लागतो. कुणी बरोबर असेल तर सव्वा तास, कारण भांडणं होतात.

विश्वंतर: दाराबाहेर सुरू होणारी गोष्ट

17 नंबरमध्ये ही गोष्ट आत शिरायच्या आधीच भेटते. ओसरीत, दाराच्या डावीकडे, मंडपात राजपुत्र आणि माद्री अगदी जवळ बसले आहेत. ती त्याच्यावर रेललेली, तो तिला सावरतोय. मद्याचा प्याला दिसतो म्हणून याला प्रेमप्रसंग समजलं जातं. पण हीच जोडी लगेच शेजारी पुन्हा आहे, छत्राखाली, वेशीकडे चाललेली. दोन्ही एकत्र वाचा. तो तिला हद्दपारीची बातमी सांगतोय.

आत गेल्यावर डाव्या भिंतीवर पुढचा भाग. चार घोड्यांचा रथ बाजारातून जातो, दोन्ही बाजूंना दुकानं, दुकानदार कामातून मान वर करून बघतायत. राजघराण्यातल्या दुःखाकडे बाजार असाच बघतो. मग दान, रान, आश्रम.

आणि जूजक. घरच्या कागदावर दातांची खूण लिहायला सांगितली होती ती याच्यासाठी. विचकलेले पुढचे दात, हनुवटीवर बोकडदाढी. चित्रकाराने त्याच्यावर मनापासून सूड उगवला आहे. मुलांची किंमत घेतानाच्या प्रसंगात तो पैसे पदरात पाडून घेतोय, आणि चेहऱ्यावर जो आनंद आहे तो बघून अंगावर काटा येतो. भिंतीचा हा भाग बराच झिजला आहे, पण दात शाबूत आहेत. जूजक एकदा सापडला की आसपासचे प्रसंग आपोआप लागतात: तो जिथे मागतो ते रान, तो जिथे घेतो तो आजोबांचा दरबार.

फसवी नावं

पाट्या आणि पुस्तकं चित्रांना नावं देतात आणि आपण नाव बघतो, चित्र नाही. 16 नंबरमधली ‘मरणोन्मुख राजकन्या’ हे त्याचं ठळक उदाहरण. बाई मान टाकून पडली आहे, दासी सावरतेय, वारा घालतेय. मरतेय असं वाटणं साहजिक आहे. पण त्याच दृश्यात एक माणूस मुकुट घेऊन उभा आहे, तो बघा. नवऱ्याचा मुकुट परत आला, म्हणजे नवरा परत येणार नाही. ही नंदाची सुंदरी. ती मरत नाही, तिला बातमी कळली आहे. मुकुट न बघता ही भिंत वाचणारे पिढ्यान्पिढ्या तिच्या मरणावर हळहळले.

1 नंबरमधल्या दरबारातल्या परदेशी टोप्यांवरून तर इतिहासच रचला गेला. एकोणिसाव्या शतकात फर्ग्युसन या स्थापत्याच्या अभ्यासकाने त्यांना इराणच्या बादशहाने चालुक्य राजा पुलकेशीकडे पाठवलेली वकिलात ठरवलं. पण पुलकेशी सातव्या शतकातला आणि ही लेणी बहुतेक अभ्यासकांच्या मते वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली, म्हणजे पाचव्या शतकातली. टोपी परदेशी असली तरी गोष्ट बौद्धच असणार, हे धरून चाललं तर अशी फसगत होत नाही. नाव कुठे सापडलं तर आधी विचारा की ते चित्रकाराने दिलंय की नंतर कुणी. 2 नंबरमध्ये आर्यशूर या संस्कृत कवीच्या जातकमालेतले श्लोक भिंतीवरच रंगवलेले आहेत. असा पुरावा सोन्याच्या मोलाचा, आणि दुर्मीळ.

गिलावा पडून गेलेल्या जागी कल्पनेने प्रसंग भरू नका. वहीत तिथे मोकळी जागा ठेवा. पांढुरका, गुळगुळीत भाग दिसला तर ते संवर्धकांनी भरलेलं आहे, चित्र नव्हे.

शेवटी दहा नंबर

पाहायच्या क्रमात हे 16 नंतर येतं, पण सांगताना मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण इथे डोळ्यांचा कस लागतो. 10 नंबरचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं, ख्रिस्तपूर्व काळातलं, अजिंठ्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी. 28 एप्रिल 1819 ला जॉन स्मिथ हा मद्रास फौजेतला अधिकारी इथे शिरला आणि त्याने एका खांबावर आपलं नाव कोरलं. ते आज डोक्याच्याही वर दिसतं, कारण तो उभा होता तो तेव्हा साचलेल्या राडारोड्याच्या थरावर. त्याच्या मागून आलेल्या कित्येकांनी चित्रांवरही नावं खरवडली आहेत. या ओरखड्यांच्या जाळीतून चित्र बघायचं आहे.

खांबांवरचे बुद्ध पाचव्या शतकातले, ते सोडून द्या. खांबांच्या मागे जा, उजव्या भिंतीकडे. एक लांब आडवा पट्टा आहे, त्यात षड्दंत. आधी हत्तींची पाठच पाठ दिसते, मग कान, मग कमळांचं तळं, वडाचं झाड. 17 नंबरमध्ये हीच कथा तुम्ही सकाळी पाहिली आहे, आणि दोन भिंतींमध्ये पाचशेहून अधिक वर्षं आहेत. वहीतले दोन आयत शेजारी ठेवा. रान कुठे, वाडा कुठे, शिकारी किती वेळा आलाय, हे ताडून बघा.

मग पट्ट्यावर राणी शोधा. सुळे तिच्यासमोर आणले आहेत. ती मागे कोसळतेय आणि आजूबाजूच्या बायकांचे हात तिला झेलायला पुढे आले आहेत. चेहरा जवळजवळ पुसला गेलाय. हात अजून स्पष्ट आहेत.